मैनाबाईंनी धुतलेली चिलखती गाडी

मी एक हुकूम देणारी चिलखती गाडी बोलतेय. घाबरू नका, माझी लांबी जेमतेम वीतभर आहे. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रज सेनापती ज्या गाडीत नकाशे पसरून बसत, तिची मी प्रतिकृती. "येच्यात तोफ नाही का?" मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात मला पाहणारा प्रत्येक जण हेच विचारतो. नाही. माझ्या पोटात टेबल, खुर्च्या आणि वायरलेस आहे. लढाई म्हणजे नुसते गोळे फेकणं, असं लोकांना का वाटतं कोण जाणे!

मला घडवलं गजेंद्रजींनी. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत डंपर दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर डोळ्याला भिंग लावून ते माझे प्लास्टिकचे तुकडे जोडू लागले. मध्येच हात थरथरायचा आजार जडला. तरी उजवं मनगट डाव्या हाताने धरून त्यांनी मला रंगवलं. शेवटी रंगाच्या भुकटीने अंगावर वाळवंटाची धूळ चढवली, चाकांवर दाट, छपरावर विरळ. तीच माझी खरी शोभा. नागपूरच्या प्रतिकृतींच्या प्रदर्शनात मला स्पर्धेसाठी मांडायचं, एवढी एकच हौस त्यांनी धरली होती.

मग दसरा आला. या घरात चाक असेल त्या वस्तूची पूजा होते. स्कूटी, सायकल, अगदी शिलाई मशीनसुद्धा. गजेंद्रजींच्या पत्नी मैनाबाई. त्यांनी मलाही मायेने परातीत घेतलं, जुन्या टूथब्रशने घासून लख्ख केलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

गजेंद्रजींनी मला उचलून पाहिलं. धुळीचा कणही उरला नव्हता.

"काहून धुतली वं तूनं?"

"दसऱ्याले मळकी गाडी पुजू का? मले का मालूम, धूळ बी रंगवा लागते म्हून!"

"माह्या हातानं आता होत नाही."

त्या दिवशी गजेंद्रजींनी रंगाचा डबा बंद करून ठेवला. मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण फूल ठेवताना त्या बाईने मला नमस्कार केला होता. तसा मान मला कोणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाईंनीच रंगाचा ब्रश उचलला.

"सांगा, कुठी लावू?"

"चाकाले. कमी, कमी! हौ, आता बराबर."

"हात नोका लावू मधात!"

ते बोट दाखवत, त्या धूळ लावत. घरात हुकूम कोणाचा चालतो, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. होता होता डाव्या दारावर मैनाबाईंच्या अंगठ्याचा ठसा उमटला.

"पुसू का?"

गजेंद्रजींनी भिंगातून पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले.

आता मी कापसात गुंडाळून नागपूरला निघालेय. परीक्षक मंडळी, तुम्हाला तो ठसा दिसेलच. वाळवंटातल्या कुठल्याही सैनिकाचा अंगठा दाराएवढा नव्हता, हे मलाही कळतं. गुण कापायचे तर खुशाल कापा. फक्त कोणी रुमाल काढू नका.