पित्त

शीलाने ताटावरचं झाकण उचललं आणि तोंड वाकडं केलं. सलग तिसऱ्या जेवणाला मुगाची पातळ खिचडी. पायाची जखम चिघळली म्हणून गुरुग्रामच्या या हॉस्पिटलात दाखल झालेला तिचा नवरा वाल्मीक पडल्यापडल्या म्हणाला,

"पाय बिघडलाय माझा. पोट नाही."

"भैया, इनको ऐसा खाना क्यों?" तिने ताट आणणाऱ्याला विचारलं.

"सिस्टम में एसिडिटी लिखा है, आंटी."

शीला झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. वाल्मीक तर्रीत भाकरी कुस्करून खाणार आणि वर तासभर घोरणार. त्याला कुठली ॲसिडिटी? मग तिला परवाचा काउंटर आठवला. आदल्या आठवड्यात कोणी चोरट्यांनी हॉस्पिटलची सिस्टमच बंद पाडली होती. जुन्या फायली गेल्या, म्हणून सगळ्यांना तोंडी विचारून नव्याने भरणं चाललं होतं. "पेनिसिलिन से इनको पित्त उठता है," असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. अमरावतीला एकदा त्याच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, घसा आवळला होता, थोडक्यात वाचला होता. घरात त्याला पित्तच म्हणत. हिंदीत मात्र पित्त पोटात असतं. काउंटरवरच्या मुलीने समजूतदारपणे मान डोलावून, ॲसिडिटी लिहून ते तिथेच ठेवलं होतं.

सकाळी डॉक्टर दोन वाजताचं नवं इंजेक्शन सांगून गेले होते. शीला सिस्टरच्या टेबलाशी गेली.

"इनको दो बजे कौन सा इंजेक्शन है?"

"पेनिसिलिन. आज से शुरू."

"मत दीजिए. एलर्जी है. जान जा सकती है."

सिस्टरने पडद्यावर पाहिलं. "एलर्जी में तो 'नहीं' लिखा है."

"गलत लिखा है. काट दीजिए."

"लॉक है, आंटी. हैकिंग के बाद सब लॉक कर दिया. सिक्योरिटी."

त्या सिक्योरिटीच्या कपाळावर, पडद्याच्या वरच्या कडेला, पिवळी चिठ्ठी डकवलेली होती आणि चिठ्ठीवर पासवर्ड. आख्खा वॉर्ड तोच वापरत होता.

"डॉक्टरसाहेब?"

"ऑपरेशन में हैं. आईटी को लिख देती हूँ, अड़तालीस घंटे में ठीक करते हैं. मैं तो नहीं दूँगी. पर दो बजे ड्यूटी बदलेगी. नई सिस्टर को बोल दूँगी, पर पच्चीस मरीज हैं, वो सिस्टम ही देखेगी."

घड्याळात पावणेदोन झाले होते.

शीला खाटेशी परत आली. पर्समधून पेन काढलं आणि वाल्मीकची बाही वर सारली. सरकारी कचेरीत तिने तीस वर्षं टिपणं लिहिली होती. मनगटावरच्या बारकोडच्या पट्टीपासून कोपरापर्यंत तिने ठळक अक्षरांत लिहिलं : पेनिसिलिन नहीं देना है. खाली दोन रेघा मारल्या. सवयीने सही केली, तारीख टाकली.

"गुदगुल्या होतायत," वाल्मीक म्हणाला.

"हलू नका. बिघडेल."

दोन वाजता नवी सिस्टर ट्रे घेऊन आली. तिने पट्टी मशीनने टिपली. मशीन आनंदाने वाजलं. सुई हातात घेतली आणि दंड धरायला वाकली. वाचलं. पुन्हा वाचलं. सुई ट्रेमध्ये परत ठेवली.

मग शेजारच्या खाटेवरच्या झोपलेल्या म्हाताऱ्याची बाही वर सारत तिने दुसरा हात पुढे केला.

"आंटी, पेन देना ज़रा."