पिवळ्यातले तीन बाण

मी पेंढ्याचे एक जुने लक्ष्य आहे, मित्रांनो. तिरंदाजीच्या मैदानाच्या टोकाला लाकडी तिवईवर उभे असते. पेंढा दाबून, सुतळीने करकचून बांधून मला तयार केले आणि दुसऱ्याच दिवसापासून माणसे माझ्यावर नेम धरू लागली. असा जन्म वाट्याला आल्यावर स्वभाव संशयी होणारच. समोरचा कितीही गोड हसला, तरी मी आधी त्याच्या हातात काय आहे ते पाहते.

माझा सर्वांत जास्त संशय सरांवर होता. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. मुले त्यांच्यावर जीव टाकत. नवे कुणी आले, की सर त्याला महिनाभर माझ्यापासून तीन पावलांवर उभे करत, तेही नेमाचा कागद न लावता आणि डोळे मिटायला लावून. "नेम राहू दे, हात काय म्हणतो ते ऐक," असे सांगत. पण स्वतः मुलांसमोर त्यांनी कधी एक बाण मारला नाही. मारत ते पहाटे, मैदानावर चिटपाखरू नसताना. रंगीत वर्तुळांचा कागद माझ्या छातीवर टाचायचा, तीन बाण मारायचे, तिन्ही मधल्या पिवळ्यात, आणि मग कागदाची घडी करून खिशात घालायची. एवढे चांगले येत असताना माणूस लपवतो कशाला? कुठेतरी पाणी मुरत होते.

सरांच्या हाताखाली एक मुलगी होती, सगळ्यांत तयार. निवड चाचणी दोन महिन्यांवर आली आणि तिला एक विचित्र दुखणे जडले. पिवळे दिसले की तिची बोटे उघडतच नसत. दोरी ओढून ती थरथरत उभी राही आणि बाण न सोडताच धनुष्य खाली करी. तिरंदाजांना होते असे कधी कधी, पण तिला वाटले, जगात आपल्या एकटीलाच झाले. एका संध्याकाळी तिने धनुष्य पेटीत ठेवले.

"सर, माझं संपलं. उद्यापासून नाही येणार मी."

तिची आई शेजारीच उभी होती. "यांनीच बिघडवलं पोरीला," ती म्हणाली. "यांना स्वतःला येतं तरी का? कुणी पाहिलंय का कधी?"

सरांनी सगळ्यांदेखत धनुष्य उचलले. आता जिरणार एकेकाची, असे मी मनात म्हटले. सरांनी दोरी ओढली आणि त्यांचा हात थरथरू लागला. बाण सुटेना. धनुष्य खाली आले. दुसऱ्यांदाही तेच.

"मलाही होतं हे," ते मुलीला म्हणाले. "बरीच वर्षं झाली. एकट्याला जमेना म्हणून तसंच राहिलं. पहाटे येशील? दोघं मिळून बघू."

साफ खोटे! त्याच सकाळचे तिन्ही बाण अजून माझ्या अंगात ठणकत होते. मुले कुजबुजू लागली, आईने तोंड फिरवले. इतक्या वर्षांचे नाव एका संध्याकाळी मातीत गेले. यात नक्की काहीतरी डाव आहे, असे मला वाटले.

डाव होताच. मुलगी पहाटे येऊ लागली. आधी तीन पावले, डोळे मिटून. मग पाच. मग पाठकोरा कागद उलटा लावून. तिच्याशेजारी सरही रोज थरथरत, रोज चुकत. मैदान आता त्यांना एकट्याला कधीच मिळत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. दिवसाकाठी तीन बाण, तेही मुलांपुढे न मिरवता, एवढीच त्यांची चैन होती. तीही त्यांनी सोडली होती. मला माझ्या स्वभावाची लाज वाटली.

त्या वर्षीची चाचणी हुकली. पण थंडी सरता सरता एका पहाटे मुलीचा बाण पिवळ्यात बसला. मग ती सरांच्या मागेच लागली. "आता तुमचंही होईल, सर. श्वास सोडा. मी मोजते ना." सर आणखी आठ दिवस चुकले आणि मग एकदाचे पिवळ्यात मारले. ती ढसाढसा रडली. पुढच्या चाचणीत ती निवडली गेली.

आता सर नाहीत. तीच इथे शिकवते. माझी सुतळी सैल झाली आहे, पेंढा काळा पडला आहे आणि पावसात अंगावर ताडपत्री टाकायचे कुणाच्या लक्षात राहत नाही. एखाद्या मुलाची बोटे आखडली, की ती त्याला जवळ घेऊन सांगते, "अरे, माझ्या सरांनाही व्हायचं. मी बरं केलं त्यांना." हे सांगताना तिची मान ताठ होते.

मित्रांनो, ताडपत्रीचे राहू द्या. माझा तुमच्यावर अजून पुरता विश्वास नाही, तरी सगळे सांगून बसले आहे. एवढेच मागते, तिला हे सांगू नका.