ड्युटीचे कपडे

दादाचा फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्याची खालची कवळी घासत होते. आई पहाटे गेली, तो म्हणाला, दुपारी नेणार आहोत. मग म्हणाला, यायचं असेल तर शर्ट-पँट घालून ये, केस दिसता कामा नयेत, नाहीतर दारातूनच परत जावं लागेल. सगळे नातेवाईक जमलेत, आज तमाशा नको. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि पुन्हा कवळी हातात घेतली. डावीकडची एक कड हिरडीला टोचणार होती. ती गुळगुळीत केली, पॉलिश केलं, डबीत ठेवली. काहीच वाटत नव्हतं. दाढ काढण्याआधी सुई दिली की ओठ आपला राहत नाही ना, तसं सगळं अंग झालं होतं.

दात बनवणं हा माझा धंदा. डॉक्टर माप पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढते, मेणात दात बसवते. त्यावरून आमच्यासारख्यांच्या गोतावळ्यात मला कवळी म्हणतात. घर सोडलं तेव्हा मी त्या घरातला धाकटा मुलगा होते. म्हणजे तसं सगळे धरून चालले होते, मी सोडून. त्यानंतर फक्त आईचा फोन यायचा, गच्चीवर कपडे वाळत घालताना, वारा कानात शिरेल असा. ती मला बाळ म्हणायची. बाळ म्हटलं की मुलगा की मुलगी ते ठरवावं लागत नाही. आई हुशार होती. बाबांचा विषय तीही काढायची नाही आणि मीही नाही. त्यांच्या लेखी मी मेले, असं मी ठरवून टाकलं होतं. ठरवून टाकलं की त्रास कमी होतो.

मी पैलवानाला फोन केला आणि एवढंच म्हटलं, "ड्युटी आहे."

आमच्यात कुणाला जुन्या घरी जुन्या रूपात जावं लागलं, की त्याला ड्युटी म्हणतात. लग्न, आजारपण, मरण, कोर्टाची तारीख, कारण काही का असेना. ज्याची ड्युटी त्याने एकट्याने कपडे बदलायचे नाहीत. बाकीच्यांनी त्याला तयार करायचं, सोबत जायचं, बाहेर थांबायचं आणि परत आणायचं. परत आल्यावर ते कपडे त्याच्या अंगावरून इतरांनी उतरवायचे. "रडू नकोस" आणि "रडून घे" ही दोन वाक्यं बंद. हा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नाही, पण मोडायची कुणाची टाप नाही.

पैलवान शिंपी आहे. अंगाने चिमणीएवढा, म्हणून पैलवान. घरच्यांनी त्याला मुलगी म्हणून वाढवलं. मोठा झाल्यावर त्याने स्वतःची पहिली पँट स्वतः शिवली आणि तिथेच धंदा ठरला. त्याच्या दुकानात पोचले तर तिथे फुगे. त्या दिवशी काकाचा साठावा वाढदिवस होता आणि मी साफ विसरले होते. काका शाळेची व्हॅन चालवतो, त्याची कहाणी पैलवानासारखीच, फक्त जास्त जुनी. आणि बाई होत्या, आकाशी रंगाच्या झग्यात, ओठ रंगवून. बाई शाळेत गणित शिकवायच्या. सर म्हणून नोकरीला लागल्या आणि सर म्हणूनच निवृत्त झाल्या, दुसऱ्या दिवशी बाई झाल्या. मला बघून कुणी फुगे काढायला धावलं नाही, हे बरं झालं. काकाने केकचा तुकडा माझ्या हातात ठेवला. मी खाल्ला. आणखी दिला, तोही खाल्ला. गोड होता. आई मेल्यावर केक गोड लागू नये असं आपल्याला वाटतं, पण जिभेला कोण सांगणार.

मग माझी तयारी सुरू झाली. पैलवानाने माझ्या अंगावर कुणा गिऱ्हाइकासाठी शिवलेला पांढरा शर्ट चढवला, स्टार्च इतकी की हात वाकेना. गडद कोट, गडद पँट. केस घट्ट बांधून टोपीखाली. मला पुरुषासारखं चालणंही विसरायला झालं होतं. मग काका आणि पैलवान दोघे दुकानात पुढे-मागे चालून दाखवू लागले. काका म्हणाला छाती काढ, पैलवान म्हणाला खांदे सोड, छाती काढून फक्त हवालदार चालतात. त्यावर दोघांची जुंपली. बाईंनी सांगितलं की आयुष्यभर त्या चालल्या तसं चालायचं, म्हणजे काहीतरी हरवलंय आणि ते शोधायचं नाहीये असं. सगळे पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी मधोमध उभी होते, टाचण्या लावलेली. ते हसत होते ते मला आवडत होतं, एवढं कळत होतं. फक्त ते आवडणं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं.

माझा रोजचा ड्रेस दुकानातल्या खिळ्यावरच राहिला. आम्ही काकाच्या व्हॅनमधून निघालो. तासाभराचा रस्ता. मी बाहेर बघत होते आणि मनात एकच होतं: तिचं तोंड एकदा बघायचं. रडायचं नाही, कुणाशी भांडायचं नाही. तोंड बघायचं आणि निघायचं. त्यासाठी कोट काय, चिलखत घालायलाही माझी तयारी होती.

व्हॅन कोपऱ्यावर उभी केली. मी एकटी गेले, शिकवल्याप्रमाणे. दारात माणसं होती, त्यांनी वाट दिली. एकाने तर नमस्कार केला. दादाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. तेवढंही वाटलं याचंच नवल.

आई पुढच्या खोलीत होती. तिच्या उशाशी खुर्चीवर बाबा. वाळून गेले होते. मला बघताच ते खुर्चीचा हात धरून कसेबसे उठले.

"बसा साहेब," ते म्हणाले. "ऑफिसमधून आलात का? तुम्ही उगाच त्रास घेतला."

मला वाटलं ते टोमणा मारताहेत. पण बाबांना टोमणे कधी जमलेच नाहीत. ते खरोखर माझ्यासाठी खुर्ची रिकामी करून उभे होते. तेव्हा लक्षात आलं की आमचं काय चुकलं. त्या घरात मी मुलगा होते तेव्हा पोक काढून, भिंतीला घासून चालणारा, ढगळ शर्टातला मुलगा होते. पैलवानाने आणि काकाने मिळून जो पुरुष उभा केला होता, तसं त्यांना स्वतःला व्हायचं होतं. ताठ, इस्त्रीतला, देखणा. असा माणूस या घराने कधी पाहिलाच नव्हता.

"तेवढं पाच मिनिटं थांबायला सांगा ना यांना," बाबा मला साहेब समजून हळूच म्हणाले. "सगळे घाई करताहेत. माझी पोरगी यायची आहे अजून. हिने मला बजावून ठेवलंय, 'पोरगी आल्याशिवाय मला हलवू द्यायचं नाही.'"

दादा खाली बघत होता. बाबा पोरगी म्हणत होते. आई त्यांच्याशी माझ्याबद्दल बोलत होती, त्या घरात, त्या खोलीत, कोण जाणे किती दिवसांपासून.

"बाबा, मीच आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझं तोंड निरखलं. टोपी, कोट, शर्टाची कडक कॉलर, सगळ्याला बोट लावून पाहिलं.

"मग हे काय घालून आलीस?" ते म्हणाले. "तिने ओळखायचं कसं तुला? जा, बदलून ये. आम्ही थांबतो."

मी रस्त्याने जवळजवळ पळतच व्हॅनकडे आले. आत बसून सगळं सांगितलं, एका दमात, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. पण बदलायला काहीच नव्हतं. माझा ड्रेस तासभर लांब खिळ्यावर होता. पैलवानाने सीटखाली शोधलं, तिथे शाळेच्या पोरांच्या पाण्याच्या बाटल्या निघाल्या. काका आणि पैलवान, दोघांच्याही अंगावर शर्ट-पँट.

बाईंनी आकाशी झग्याच्या पाठीमागचा हूक काढायला सुरुवात केली.

मी नको म्हटलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी घरातला शेवटचा शर्ट रद्दीवाल्याच्या पोत्यात कोंबला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर भावाच्या मरणालाही त्या तसल्या कपड्यांत गेल्या नव्हत्या. आत घेतलं नाही म्हणून फाटकाबाहेर उभ्या राहिल्या होत्या. आमच्यात त्या एकट्याच, ज्यांनी ड्युटी कधी केली नाही.

"कोट दे इकडे," त्या म्हणाल्या. "तू जा घरी. ही ड्युटी माझी."

काका आणि पैलवान तोंड फिरवून बसले. बाईंनी माझा शर्ट घातला. बटणं त्यांनी अगदी कॉलरपर्यंत लावली. ओठांवरचा रंग रुमालाने पुसला, कारण त्या कपड्यांवर तो त्यांना बरा दिसत नव्हता, आणि सीटवर बसल्या. एकदम सर दिसत होत्या.

आणि मग मला रडू आलं. हुंदका नाही, काही नाही. नुसतं पाणी, नाकातून, डोळ्यांतून, थांबेचना. आईसाठी की बाईंसाठी, मला सांगता येत नव्हतं. मागून पैलवान माझ्या अंगावरच्या आकाशी झग्याचा हूक लावायला धडपडत होता आणि सारखा म्हणत होता, हलू नकोस गं, हलू नकोस, ते थांबलेत तुझ्यासाठी.