राजकन्येची आखणी

धाटावच्या मंडळाला गणपतीपुढे झोपलेल्या राजकन्येचा देखावा हवा होता. म्हणून पेणला मूर्तींचे डोळे आखणारे गुणाजीकाका आणि मी अलिबागला त्या राजकन्येचा कार्टूनचा सिनेमा पाहून आलो. परतताना वडखळपर्यंत काका नुसते सिनेमातल्या झाडांवरच बोलत होते. एकेक पान निराळं रंगवलेलं, हात लावावासा वाटत होता म्हणे.

“अवो, पण गोष्ट काय?” घरी पोचताच हौसाकाकूने विचारलं. “उद्या मंडळाला सांगता आली नाय तर ऑर्डर जाईल.”

“सोपी हाय गो. मूर्ती तयार, डोळे तेवढे बाकी. आखणीवाला उशिरा आला.”

“काका, तो राजपुत्र होता. त्याने मुका घेतला.”

“ब्रश विसरला असंल.”

दुसऱ्या दिवशी काकांनी मंडळाला हीच गोष्ट सांगितली. गेल्या चतुर्थीला मंडळाचाच गणपती आरतीपर्यंत डोळ्यांविना बसला होता. अध्यक्षांना रडू आवरेना. ऑर्डर आम्हालाच मिळाली.