डाव्या खांद्यातली गादी

फोनमधून एक बाई बोलत होती. आवाज चिरका, वरच्या पट्टीतला. ‘‘ऐक गं, सांगते, पण पोट धरून बस. लोक मला कापड देतात, पण मला त्यांची हाडंसुद्धा ठाऊक असतात.’’ आठवीच्या वर्गात, पोरांच्या बाकात गुडघे अडकवून मी बसले होते. एवढं ऐकलं आणि मला राहवलं नाही.

‘‘कोण ही बया? हिला घरात कोणी आवरत नाही का?’’

वर्गबाईंनी फोन थांबवला. माझा मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. सुनेने मांडीवरच्या पिशवीची पुन्हा घडी घातली. बाकाशेजारी उभी असलेली माझी नात फरशीकडे बघत म्हणाली, ‘‘आजी, तूच आहेस ती.’’

सहासष्ट वर्षं वापरलेला आवाज, आणि मला ओळखता आला नाही.

बाईंनी पुढचं लावलं. मग मात्र शब्द न् शब्द ओळखीचा निघाला. ‘‘त्या पोरीचा डावा खांदा म्हणजे नुसती घसरगुंडी. मी आतून गादी भरते म्हणून सरळ दिसते. नाहीतर दप्तर सोड, माशी बसली तर माशीसुद्धा घसरून पडेल.’’ त्यावर नातीचं हसणं, माझं हसणं. अजून थोडं शिल्लक होतं, फोनवरची रेघ टोकाला पोचली नव्हती, पण बाईंनी तिथेच बंद केलं.

शाळेचे गणवेश मी शिवते. पंचवीस वर्षं झाली. चौथीपर्यंत शिकले, त्यातली दोन वर्षं लहान भावंडं सांभाळण्यात गेली. पण पोरगं दुकानाची पायरी चढलं की टेप न लावता मी त्याचं माप सांगते. हात जितका सरळ चालतो तितकी जीभ तिरकी चालते, असं माझे यजमान म्हणायचे. मी सगळ्या गल्लीला नावं ठेवलेली आहेत. पेपरवाला म्हणजे ‘उद्या देतो’, सुटे मागितले की हेच. समोरची बाई म्हणजे ‘फुटका नळ’, कारण तिचं रडणं एकदा सुरू झालं की थांबत नाही. लोक चिडत, पण हसतही. आणि मला त्याचा तोरा होता, की मी जे बोलते ते तोंडावर बोलते. पाठीमागे बोलणारी माणसं मला भेकड वाटायची.

त्या मुलीचं मात्र वेगळं होतं. तीन वर्षांपूर्वी तिची आई तिला घेऊन आली ती दुपारी, गिऱ्हाईक नसताना. दार अर्धं लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, हाडच तसं आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, त्रास काही नाही, पण शाळा नवी आहे, मुलं बघतील. मी पोरीला स्टुलावर उभी केली. डावा खांदा दीड बोट खाली. मी कापूस दाबून, दोन कापडांत घालून, कडेला पातळ आणि मध्ये जाड अशी गादी केली आणि अस्तराखाली टाके घालून बसवली. चार वेळा उसवली, चार वेळा शिवली. पाचव्या वेळी आरशात दोन्ही खांदे एका रेषेत आले. पोरीने आरशात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिची आई म्हणाली, ‘‘आजी, हे तुमच्याआमच्यात.’’ मी म्हटलं, शिंप्याच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही. काजं-बटणं करणाऱ्या माझ्या सुनेलाही मी सांगितलं नाही. दर वर्षी पोरगी वाढली तशी गादी थोडी जाड केली. तीन वर्षांत वर्गात एकालाही कळलं नाही. माझ्या हातचं याहून चांगलं काम दुसरं नाही.

आणि मग एका संध्याकाळी मशीनवर जाड करायला काढलेली गादी नातीने उचलली आणि विचारलं, ही कोणाची?

पोरांचा फोनवर एक गट होता, त्यात बाई नव्हत्या. नात माझं बोलणं त्यात पाठवायची. ‘आजीची कात्री’ असं पोरांनी त्याला नाव दिलं होतं. त्या दिवशी हा खांदा गेला. सकाळपर्यंत ती मुलगी ‘घसरगुंडी’ झाली होती. कोणी तिच्या फोटोवर उतरता बाण काढला, कोणी खोडरबर घेऊन तिच्या खांद्यावरून सोडून बघितलं आणि त्याचाही व्हिडिओ टाकला. तिसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना. तिच्या आईने वर्गबाईंना फोन दाखवला, आणि म्हणून आम्ही बाकांवर.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी भिंतीवर एक मोठा कागद लावलेला होता, पोरांच्याच अक्षरात. पोरांनी बसून गटासाठी नियम केले होते. मला जोडाक्षरं अडतात, तेव्हा बाईंनीच पहिला वाचून दाखवला: जे तोंडावर म्हणता येत नाही ते गटात टाकायचं नाही. दुसरा असा, की एकावर सगळे हसत असतील तर निदान एकाने त्याच्या बाजूला जाऊन बसायचं. मग त्या मला म्हणाल्या, आजी, त्या गटात तुमचा आवाज गेलाय. तुमच्याच आवाजात दोन शब्द तिच्यासाठी गेले तर मुलांना कळेल की मोठ्यांनाही चूक म्हणता येते.

मुलगा माझ्याकडे बघत होता. सून बघत होती. आयुष्यात मी ‘चुकलं’ हा शब्द फक्त कापडाच्या बाबतीत वापरलाय.

मी म्हटलं, ‘‘फोन चालू होता हे मला काय माहीत? घरात बोललेलं हिने चोरून घेतलं. हिला विचारा.’’

नातीने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. म्हणाली, ‘‘हो. आजीला माहीत नव्हतं.’’

बाईंनी एकदा हातातल्या फोनकडे बघितलं. मग ‘‘बरं’’ म्हणाल्या आणि उठल्या.

घरी मुलाने नातीचा फोन काढून कपाटात ठेवला. शाळेत ज्यांनी पोट धरधरून हसून घेतलं होतं त्यांनीच तिला गटातून काढलं आणि शेवटच्या बाकावर एकटी टाकली. खोडरबरवाला त्यात पुढे. मला राग आला, पण कोणावर काढायचा ते ठरेना. तेव्हा मी सुनेवर काढला, भाजीत पाणी जास्त म्हणून. चार दिवसांनी नात जेवताना सांगत होती, तेही आईला, मला नाही, की बाई आता वह्या तपासायला शेवटच्या बाकावर तिच्या शेजारी येऊन बसतात. पोरांना म्हणाल्या, एकीला बाहेर काढून आपण दुसरीला आत आणू शकत नाही.

मी कामाला बसले की नात आतल्या खोलीत जायची. माझ्या बोलण्यावर हसायचं तिने सोडलं होतं. मी ‘फुटक्या नळा’चा एक नवा किस्सा सांगून बघितला. मशीन तेवढं चालू राहिलं.

रविवारी दुपारी ती मुलगी आली, आईबरोबर. नऊ दिवस शाळा बुडालेली. आईच्या हातात दोन्ही गणवेश, इस्त्री केलेले. या वेळी दार लोटलं नाही, सताड उघडं ठेवलं. सून बटणं लावत होती, नात आतल्या दारात उभी राहिली.

आई म्हणाली, ‘‘डावी गादी काढायची आहे. दोन्हींतली.’’

मी म्हटलं, असं रागाने करू नका, मी बाकीची पोरं बघून घेते, पोरीला अशी उघडी कशी पाडायची.

‘‘उघडी तुम्ही पाडलीत. दुसऱ्या शिंप्याकडे गेले होते. त्याला तुमचे टाकेच सापडेनात. कापड फाडीन म्हणाला. म्हणून आले, नाहीतर या पायरीवर पाय ठेवला नसता.’’

पोरगी आपणहून स्टुलावर चढली होती. दर वर्षी चढते तशी, सवयीने. अंगात साधा सदरा होता. मी तिला बिनगादीची तीन वर्षांपूर्वी बघितली होती, त्यानंतर आज. मी खाली बघून ब्लेड शोधायला लागले.

‘‘आजी,’’ ती म्हणाली. तिचा आवाज इतका स्वच्छ असेल असं मला वाटलं नव्हतं. ‘‘मी उद्यापासून जाणार आहे. बाईंनी सगळ्यांना सांगितलंय, ज्याला जे म्हणायचं ते माझ्या तोंडावर म्हणायचं. तुमचंच राहिलंय. म्हणून दाखवा ना.’’

‘‘काय?’’

‘‘खांद्याचं. माशीचं.’’

गल्लीभर तोंडावर बोलणारी मी. यजमानांना, सासूला, एकदा शाळेच्या संचालकाला त्याच्याच खोलीत सुनावलेली. पोरगी स्टुलावर, म्हणजे तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्याही वर. ‘घसरगुंडी’ हा लहान पोरांचा शब्द, तो मला उच्चारता येईना. तिची आई वाट बघत होती. सुनेची सुई हवेत थांबली होती.

शेवटी दुसरंच आलं तोंडातून. ‘‘फोन चालू होता ते मला माहीत होतं.’’

म्हटलं, एवढं दिलं म्हणजे पुरे होईल. अंगातलं सगळं बळ काढून दिलं होतं.

पोरगी म्हणाली, ‘‘सगळ्यांनाच माहीत आहे ते. शेवटी तुम्ही विचारलंय ना, ‘आलं का गं नीट?’ वर्गात सगळ्यांनी ऐकलंय. बाईंनीपण.’’

मी आतल्या दाराकडे बघितलं. नात तिथे नव्हती.

म्हणजे त्या दिवशी बाईंनी फोन शेवटाआधीच का बंद केला ते मला आत्ता, ब्लेड हातात घेऊन उभी असताना कळलं. त्यांनी मला झाकलं होतं, मुलासमोर, सुनेसमोर. आणि नातीनेही. मी दोघींच्या मधोमध बसून खोटं बोलले होते.

मी खाली बसले आणि दोन्ही गणवेशांची डावी शिवण उसवली. माझेच टाके, जवळजवळ, एकसारखे, सुटता सुटेनात. अस्तर पुन्हा बसवलं, हाताने, मशीन न लावता. मला पाऊण तास लागला, तेवढा वेळ दोघी उभ्याच होत्या. मी बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत. पोरीने एक गणवेश तिथेच सदऱ्यावर चढवून बघितला. आरसा समोर होता. तिने आरशाकडे पाठ केली आणि आईला विचारलं, ‘‘ठीक आहे?’’ आई म्हणाली, ‘‘ठीक आहे.’’

त्या गेल्यावर सुनेने काढलेल्या गाद्या उचलल्या. म्हणाली, कापूस चांगला आहे, एकीची टाचण्यांना उशी करू का? मी तिच्या हातातून त्या काढून घेतल्या. वापरून वापरून त्यांना खांद्याचा आकार आला होता. दुसऱ्या कोणाच्याही अंगाला त्या बसणार नाहीत.

सोमवारी शाळेच्या वेळेला मी दुकानाच्या दारात उभी राहिले. नात पुढे गेली होती, नेहमीसारखं ‘‘येते’’ न म्हणता. मग ती मुलगी आली. एवढी वर्षं दप्तर ती उजव्या खांद्यावर घ्यायची. आज तिने डाव्यावर घेतलं होतं. माझ्या दारासमोर पट्टा घसरला. तिने तो वर चढवला. दहा पावलांवर पुन्हा घसरला, पुन्हा चढवला. खांदा बदलला नाही. वळणापर्यंत तसाच घसरत होता, आणि ती चढवत होती.