डाव्या अंगाचा धाकटा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पण तुम्ही शाळेत पाहता तसा नाही. माझ्यात डोळा लावून कोणी बघत नाही. मला एक सुई आहे, सोन्याचा मुलामा दिलेली. तिच्या टोकावर प्रकाश गोळा होतो आणि ती मऊ वस्तूंवरून आंधळ्याच्या बोटासारखी हळू फिरते. केसाच्या हजाराव्या भागाएवढं जे असेल, ते मला असं दिसतं. प्रकाशही सलग नसतो, चमका असतात. पहिली चमक वस्तूला हलवते आणि लगेच मागून आलेली दुसरी ती कशी स्थिरावते ते पाहते.

तळघरातल्या काळ्या पडद्यांच्या खोलीत एका मेकॅनिकने मला जोडलं. सगळे त्यांना मामा म्हणत. माझ्यावर काम करणारी एक संशोधक मुलगी होती, तिला सगळे ताई म्हणत. तिचा धाकटा भाऊ लहानपणी भाजला होता. रोज पट्टी बदलताना तो रडायचा. एक दिवस रडायचा थांबला. हे तिने मामांना एकदाच सांगितलं, चहा पिताना, कपाकडे बघत. रोज काढावी लागणार नाही अशी पट्टी तिला करायची होती. ओलसर, पातळ पापुद्रा आणि त्यात औषधाचे थेंब.

मामा रजेवर असताना एकदा माझी सुई पापुद्र्याच्या कडेला खालच्या काचेवर घासली. दाताचा टवका उडावा तसं काहीसं झालं. दुसऱ्या दिवसापासून मला प्रत्येक थेंबाच्या डाव्या अंगाला आणखी एक बारका थेंब दिसू लागला. खरं सांगतो, मला वाटलं माझी नजर सुधारली.

ताई त्यांना 'धाकटे' म्हणू लागली. मोठा रिकामा झाला की धाकटा कामाला येईल, पट्टी तशीच राहील, असा तिचा हिशेब. चमकांखाली दोघे अगदी एकसारखे स्थिरावत. खरी भावंडं एवढी सारखी नसतात, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

मामा परत आले. मी काढलेलं चित्र बघून म्हणाले, "नमुना फिरवून बघितलास का?"

"ओला आहे हो मामा. उचलला की फाटतो."

"बरं बाई. तुझे थेंब, तुझी पट्टी. मी आपला पान्हा धरणारा."

ते पान्हा घेऊन दुसऱ्या कामाला लागले. धाकट्यांवरचा ताईचा लेख छापून आला. चित्र चौकटीत घालून बाहेरच्या भिंतीवर लावलं. पाहुणे माझ्यासमोर उभे राहून माझं कौतुक करत आणि मी फुगून जात असे.

मग दुसऱ्या प्रयोगशाळांतून पत्रं आली. त्यांना धाकटे कुठेच सापडेनात. एका दुपारी ताईने श्वास रोखून पापुद्रा उचलला आणि पाव फेरा फिरवून ठेवला. थेंबांची सगळी मांडणी फिरली. धाकटे खरे असते तर मांडणीबरोबर तेही फिरले असते, प्रत्येक जण आपल्या थोरल्याच्या वरच्या अंगाला गेला असता. पण ते डावीकडेच राहिले. ते पापुद्र्यात नव्हतेच. माझ्या सुईच्या टोकाची दोन टोकं झाली होती, आणि प्रत्येक थेंब मला दोनदा दिसत होता.

ताई मामांकडे वळली.

"मामा, तुम्हाला कळलं होतं?"

"शंका होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं गं."

लेख मागे घेतल्याचं पत्र तिने त्याच संध्याकाळी लिहिलं. भिंतीवरची चौकट स्वतःच्या हाताने उतरवली. महिन्याभराने ती निघून गेली, आणि तिच्यामागून मामाही निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी माझी सुई बदलली. जुनी एका डबीत ठेवली आणि डबी माझ्याच कप्प्यात.

आता माझ्यावर कापड असतं. कधी कोणी ते काढून एखादा नमुना ठेवतं. नव्या सुईला टोक एकच आहे.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र तुमच्या मनातलंच दाखवू लागलं, तर भीती वाटली तरी नमुना एकदा फिरवा. शेजारी कोणी शंका गिळून बसलं असेल, तर त्याला पुन्हा विचारा. आणि सुईला जपा.

मला आता थेंब जसा असतो तसा दिसतो, एकटा. तरी त्याच्यावरून जाताना मी डावीकडे थोडा थांबतो.