लाल टॅगवाली सहा सीटर

मी गोल्फ कार्ट बोलतेय. हसलात ना? हसा. गोल्फचा चेंडू मीही जन्मात पाहिलेला नाही.

कारखान्यात माझं सगळं गोत एका रांगेत उभं होतं. दोन सीटांच्या ठेंगण्या बहिणी, मागं खेळाच्या काठ्या ठेवायला जागा असलेल्या. त्या मैदानावर गेल्या. एक पेट्रोलवाली होती, चढावर जोरकस, पण धूर आणि खडखडाट फार. एकीला मागं सामानाचा हौदा. लिथियमवालीचा तोरा तर विचारूच नका, कारण तिची बॅटरी हलकी आणि पाणी मागत नाही. मी सहा सीटांची, शेवटची सीट मागं तोंड केलेली. पोटात सहा जड बॅटऱ्या. त्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजायचं आणि रोज चार्जिंगला लावायचं, एवढंच माझं पथ्य.

माझ्या वाट्याला भिलाईतला एक दवाखाना आला. फाटकापासून डायलिसिसच्या इमारतीपर्यंत पेशंटना नेऊन सोडायचं. चालवायला दौलतराव. मूळचे भंडाऱ्याकडचे, स्टील प्लांटमध्ये तीस वर्षं क्रेन चालवून रिटायर झालेले, भिलाईतल्याच रुआबांधा वस्तीत राहणारे. माझा आवाज होत नाही, म्हणून ते तोंडानंच ओरडायचे, "सरका जी, गरिबाचं विमान येऊन राह्यलं." मला ते फार आवडायचं.

मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या सीटवर त्यांची बायको पंचफुला बसायची. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. बाकीच्यांना ते वळणावर दांडा धरायला सांगत. तिचा हात मात्र स्वतः धरत. ती कावायची, "समोर पाहा ना, पाडसान कोनाले."

एका शनिवारी माझा ब्रेक सैल लागला. दौलतरावांनी चावी काढली, चार्जरही सोडवला आणि स्टिअरिंगला लाल टॅग बांधला, 'गाड़ी मत चलाओ', खाली स्वतःचं नाव. प्लांटातली शिस्त ही. मशीन बंद करून ज्यानं टॅग लावला, त्यानंच तो काढायचा. दुसऱ्यानं हात लावला तर आत काम करणाऱ्याचा जीव जातो. सोमवारी मिस्त्री येणार होता. रविवारी सकाळी चहा पिता पिताच दौलतराव गेले.

इथले चौकीदार, माळी, सुपरवायझर, सगळे प्लांटात आयुष्य काढलेले. मिस्त्री आला, टॅग पाहून थबकला. "ज्यानं लावला तो कुठं हाय?" दौलतराव गेल्याचं कळलं, तसा टॅगला हात न लावता तो परत गेला. सुपरवायझर विजयकुमार रोज माझ्यापाशी येऊन उभे राहायचे. म्हणायचे, "दौलतरावचा टॅग हाय. मी कसा काढू?" माणसं चांगली हो सगळी. त्या चांगुलपणानंच माझा घात केला. नुसता चार्जर लावावा, तेही कोणाच्या हातून झालं नाही. उन्हाळाभर मी तशीच उभी, आणि बॅटऱ्या आतून सुकत गेल्या.

पंचफुला आता पायी जायची. माझ्यापाशी येऊन टेकायची, दम घ्यायची. मला वाटायचं, अगं, बस ना. पण टॅगकडे बघून ती पुढं निघायची.

चौथ्या महिन्यात विजयकुमारांना तिची ती दमछाक बघवेना. म्हणाले, "काकू, तुमीच काढा आता. तुमचा हक हाय." तिनं टॅगवरच्या नावावरून बोट फिरवलं. मग गाठ सोडून टॅग पिशवीत ठेवला. मिस्त्रीनं तासाभरात ब्रेक कसून दिला. चार्जर लागला.

मंगळवारी ती आली आणि आपल्या जागेवर बसली. विजयकुमारांनी चावी फिरवली. मी हलले नाही. पुन्हा फिरवली. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली, "जाईन मी पायी." आणि उतरली.

त्यानंतरचा शुक्रवार गेला, मंगळवार गेला, ती आली नाही. कोणी तिचं नावही काढत नाही. मला भिंतीकडं ढकलून ठेवलंय. नव्या बॅटऱ्या येतील म्हणतात. येवोत, न येवोत, पुढच्या सीटवर कोण बसणार?

तुमच्याकडं एकच मागणं आहे. गेलेल्या माणसाचा मान म्हणून त्याची चालती वस्तू बंद ठेवू नका. दौलतरावांनी मला फक्त सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं होतं.